उंची कुठल्या पायाची? एका तिरक्या बांधाची गोष्ट

(हा भाग ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की आकडे कानांनी पकडणं अवघड गेलं, म्हणून पूर्ण बोलणं इथे लिहून देतोय. कागद-पेन्सिल घेऊन वाचा. एक त्रिकोण काढावा लागणार आहे.)



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. त्रिकोणाची उंची. हो, तीच. पाया गुणिले उंची भागिले दोन. पाचवी-सहावीत कधीतरी भेटलेलं सूत्र. मी बीटेक केलंय, गेली सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, रोज कोड लिहितो. आणि या सूत्रात मी अशी चूक केली की माझ्या सख्ख्या चुलत्यांची जवळपास सात गुंठे जमीन आमच्याकडे आली असती. कुणी फसवलं म्हणून नाही. सगळ्यांसमोर, लॅपटॉपवर, एक्सेलमध्ये हिशोब करून.

आधी जमीन सांगतो. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात. आजोबांची शेती आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, या दोघांच्या नावावर सामाईक आहे. कागदावर वाटणी नाही. कुणी कुठला तुकडा कसायचा, एवढंच घरात ठरलेलं. मध्ये गावाजवळून एक सरळ रस्ता गेला आणि त्याने आमचं रान तिरकं कापलं. रस्त्याच्या अलीकडे एक तिकोनी तुकडा उरला, तो आण्णांच्या वहिवाटीला होता. सातबाऱ्यावर अख्ख्या गटाचं क्षेत्र आहे, पण या तुकड्याचं वेगळं असं काही लिहिलेलं नाही.

आता आण्णांचे गुडघे दुखतात, तिकडे जाणं होत नाही. आणि तात्यांची विहीर त्याच तुकड्याला लागून आहे. मग ठरलं की तिकोनी तुकडा तात्यांनी घ्यायचा आणि घराजवळच्या त्यांच्या रानातले तेवढेच गुंठे आम्हाला सोडायचे. पाडव्यापासून. प्रश्न एकच राहिला, 'तेवढेच' म्हणजे किती?

मी सुट्टीला घरी होतो. मी म्हटलं, मी मोजतो की, त्यात काय.

आता तुम्ही पेन्सिल घ्या. रस्त्याच्या कडेला दोन कोपरे आहेत. एका कोपऱ्यावर चिंचेचं झाड, दुसऱ्यावर लाईटचा खांब. चिंच ते खांब, रस्त्याच्या कडेने, ३०० फूट. तिसरा कोपरा आत, विहिरीपाशी. चिंचेपासून विहिरीपर्यंत बांध आहे, तो २५० फूट. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल करून सांगतोय. तिसरी बाजू, विहीर ते खांब, ओढ्याच्या काठाने जाते. तिथे बाभळीची झुडपं. ती मी मोजलीच नाही. म्हटलं, पाया मिळाला, उंची मिळाली, तिसरी कशाला पाहिजे?

एक्सेलमध्ये टाकलं. पाया ३००, उंची २५०. गुणिले, भागिले दोन, ३७,५०० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. भागलं तर ३४.४ गुंठे. मी जाहीर केलं, "साडेचौतीस धरा." आण्णांनी मान हलवली. तात्या थोडा वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर तसं." विषय संपला. चहा झाला.

त्याच रात्रीची गोष्ट. ताई माहेरी आली होती, तिची मुलगी आठवीत आहे. आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा' असा धडा आहे. भाची वही घेऊन आली.

"मामा, ह्यात उंची कुठली?"

एक तिरका त्रिकोण होता. खाली आडवी रेघ, आणि डावीकडची बाजू बाहेरच्या बाजूला कललेली. मी न बघता बोट ठेवलं. "ही. खालचा पाया, ही उंची."

तिने कंपासपेटीतून गुण्या काढला, कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "पण मामा, इथं काटकोन कुठंय? ही तर बाजू आहे. उंची बाहेर पडते ह्याची. बाईंनी सांगितलंय, पाया वाढवायचा म्हणून."

आणि तिने पट्टीने खालची रेघ डावीकडे ठिपक्याठिपक्यांनी पुढे नेली, गुण्या त्या रेघेवर सरकवत सरकवत वरच्या टोकाखाली आणला आणि सरळ रेघ मारली. त्रिकोणाच्या बाहेर.

मी त्या चित्राकडे बघतच राहिलो. कारण तो माझ्या डोळ्यांसमोर आमचा तुकडा होता. खाली रस्ता. डावा कोपरा चिंच. बाहेर कललेली बाजू म्हणजे बांध. आणि मी त्या बांधालाच उंची म्हटलं होतं.

इथे थोडं थांबून नीट बोलूया. ही चूक फक्त माझी नाही. शाळेत बहुतेक वेळा त्रिकोण कसा काढलेला असतो? पाया खाली, आडवा. शेंडा वर, मधोमध. आतून एक उभी ठिपक्यांची रेघ. दहा वर्षं तेच चित्र बघून डोक्यात तीन समजुती बसतात. एक, पाया म्हणजे खालची बाजू. दोन, उंची म्हणजे उभी रेघ. तीन, उंची त्रिकोणाच्या आत असते. तिन्ही चुकीच्या.

पाया म्हणजे तुम्ही निवडाल ती बाजू. तीनपैकी कुठलीही. वही फिरवली म्हणून त्रिकोण बदलत नाही. आणि शेताला तर वर-खाली नसतंच, ते जमिनीवर पसरलेलं असतं. एकदा पाया निवडला की त्याच्यासमोरचा कोपरा ठरतो. त्या कोपऱ्यापासून पायाच्या रेषेपर्यंत काटकोनात जेवढं अंतर, ती त्या पायाची उंची. पुस्तकात या लंबाला शिरोलंब म्हणतात, शिरोबिंदूपासून टाकलेला लंब. 'पायाच्या रेषेपर्यंत' हे मुद्दाम म्हणतोय, 'पायापर्यंत' नाही. पायाच्या दोन कोपऱ्यांपैकी एक कोन काटकोनापेक्षा मोठा असेल, तर लंब पायावर पडतच नाही. रेषा पुढे वाढवावी लागते आणि तो बाहेर पडतो.

म्हणजे नुसतं 'त्रिकोणाची उंची' हे अर्धंच वाक्य आहे. 'कुठल्या पायाची?' हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. प्रत्येक त्रिकोणाला तीन पाये, म्हणून तीन उंच्या. बाजू स्वतः उंची कधी होते? फक्त काटकोन त्रिकोणात, काटकोनाच्या दोन बाजू एकमेकींची उंची होतात. एरवी नाही.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. एखाद्या बिंदूपासून रेषेपर्यंत सगळ्यात कमी अंतर असतं ते लंबाचं. तिरकी बाजू त्याच्यापेक्षा नेहमी लांबच भरणार. म्हणून तिरक्या बाजूला उंची धरलं की क्षेत्रफळ कधी जास्त, कधी कमी असं होत नाही. दर वेळी जास्तच येतं. म्हणजे या चुकीचा फायदा नेहमी एकाच माणसाला. तुकडा देणाऱ्याला. इथे देणारे आम्ही होतो.

माझं सूत्र बरोबर होतं, गुणाकार बरोबर होता. एक्सेलने कुठेही लाल खूण दाखवली नाही. 'उंची' लिहिलेल्या चौकटीत तुम्ही काहीही भरा, त्याला काय कळणार?

झोप काही आली नाही. मग शोधत बसलो की पूर्वी मोजणीवाले हे कसं करायचे. त्यांना तर रोजच असले वेडेवाकडे तुकडे. आपल्या भागात शास्त्रशुद्ध जमीन मोजणी इंग्रजांच्या काळात, १८३० च्या दशकात, शेजारच्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे ते दोन अधिकारी. त्या पद्धतीला आजही जुने लोक शंकू-साखळीची मोजणी म्हणतात. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. ३३ गुणिले ३३ किती? १०८९. म्हणजे एक साखळी लांब, एक साखळी रुंद चौकोन म्हणजेच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मी आयुष्यभर गुंठा शब्द ऐकला, पण तो साखळीचा वर्ग आहे हे त्या रात्री कळलं.

आणि शंकू म्हणजे काय? काठीच्या टोकावर एक ठोकळा, त्याला एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. मोजणारा साखळीच्या रेषेवरून चालत जायचा. एका फटीतून बघितलं की साखळीची रेषा सरळ दिसली पाहिजे, आणि त्याच वेळी दुसऱ्या फटीतून शेताचा लांबचा कोपरा दिसला पाहिजे. दोन्ही एकदम दिसेपर्यंत पुढे-मागे सरकायचं. दिसलं की तिथे थांबायचं. तोच लंबाचा पाय. भाचीने वहीत गुण्या सरकवला, अगदी तेच, फक्त रानात. जुनं टिपण कधी बघायला मिळालं तर बघा. मधून एक मोठी रेषा जाते आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब टाकलेले असतात. बांध कितीही तिरका असो, गुणाकार लंबाचाच.

त्याहून जुनी गोष्ट भास्कराचार्यांची. 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद त्यात आहे. तेव्हा हे आपल्या मातीतलं गणित. जुन्या गणितात त्रिकोणाच्या पायाला शब्दच 'भू' किंवा 'भूमी' असा आहे. उंचीला 'लंब'. आणि लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे होतात, त्यांना 'आबाधा'.

लीलावतीत एक त्रिकोण आहे. पाया ९, बाकीच्या बाजू १० आणि १७. करून बघा. दोन बाजूंची बेरीज २७, वजाबाकी ७. गुणाकार १८९. पायाने भागा, २१ आले. आता रीत अशी की या संख्येत पाया मिळवून अर्धं केलं की एक आबाधा, आणि पायातून ही संख्या वजा करून अर्धं केलं की दुसरी. पहिली आली १५. दुसरी? ९ उणे २१, म्हणजे उणे १२, अर्धे उणे ६. पायाचा तुकडा उणे सहा! भास्कराचार्य गोंधळले नाहीत. उणे म्हणजे उलट्या दिशेला, असं त्यांनी समजावलं. म्हणजे लंब पायाच्या बाहेर सहा अंतरावर पडतो. मग उंची किती? १० चा वर्ग १००, त्यातून ६ चा वर्ग ३६ गेला, ६४ उरले, वर्गमूळ ८. क्षेत्रफळ ९ गुणिले ८ भागिले २, बरोबर ३६. या बाजू साखळ्यांच्या समजा, तर ते ३६ गुंठे. माझ्यासारख्याने ९ गुणिले १० भागिले २ केलं असतं तर ४५ गुंठे. साडेआठशे वर्षांपूर्वी ज्याचं उत्तर लिहून ठेवलंय, तीच चूक मी लॅपटॉपवर केली.

या रीतीचा मोठा फायदा म्हणजे लंब टाकायला बाहेर जावं लागत नाही. तीन बाजू मोजल्या की पुरे. माझ्याकडे दोनच होत्या.

सकाळी उठून भाचीला आणि टेपला घेऊन रानात गेलो. झुडपांतून वाट काढत ओढ्याची बाजू मोजली. ४९२ फूट आणि पाचेक इंच. चिंचेखाली बसून मोबाईलवर लीलावतीची रीत लावली. ४९२.४ चा वर्ग उणे २५० चा वर्ग, भागिले ३००. जवळपास ६०० आले. पाया फक्त ३००. म्हणजे लंब बाहेर, चिंचेच्या पलीकडे ६०० उणे ३०० चे अर्धे, १५० फुटांवर. उंची? २५० चा वर्ग ६२,५००, त्यातून १५० चा वर्ग २२,५०० वजा, ४०,००० उरले. वर्गमूळ २००.

दोनशे. अडीचशे नाही.

३०० गुणिले २०० भागिले २, ३०,००० चौरस फूट. साडेसत्तावीस गुंठे. मी सांगितले होते साडेचौतीस.

तरी खात्री करायची म्हणून रस्त्याच्या कडेने चिंचेपासून पुढे १५० फूट गेलो. गवंडी लोक पाया आखताना करतात तसा दोरीने ३-४-५ चा काटकोन काढला. त्या रेषेत बघितलं तर समोर बरोबर विहीर. शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या ज्वारीच्या कडेने टेप नेली. दोन फूट इकडेतिकडे, पण दोनशेच.

भाचीला मजा वाटायला लागली. म्हणाली, "मामा, आता दुसरा पाया घेऊ." बांध पाया धरला, २५० फूट. मग खांबापासून बांधाच्या रेषेवर लंब टाकायचा. तो पण बाहेरच पडतो, २४०. २५० गुणिले २४० भागिले २, परत ३०,०००. ओढ्याची बाजू पाया धरली, ४९२. चिंचेपासून तिच्यावर लंब जवळपास १२२ फूट, आणि हा मात्र आपल्याच रानात पडतो. गुणाकार परत तेवढाच. तीन पाये, तीन उंच्या, एकच क्षेत्रफळ. तुमच्यापैकी कुणाला असला तुकडा मोजायचा असेल तर सगळ्यात लांब बाजू पाया धरा. तिच्यावरचा लंब नेहमी आतच पडतो, दुसऱ्याच्या रानात जावं लागत नाही.

आता अवघड भाग. तात्या विहिरीवर मोटर बघत होते. मी गेलो आणि सरळ सांगितलं. "तात्या, काल माझं चुकलं. तुकडा साडेसत्तावीस गुंठे आहे. मी सात गुंठे जास्त सांगितले."

तात्यांनी मोटर बंद केली. म्हणाले, "मला वाटलंच होतं बघ."

मी विचारलं, "म्हणजे? कसं काय?"

"आरं, ज्वारीचं बी एकराला चार किलो लागतंय. तुझ्या आण्णाबरोबर त्या तुकड्यात किती वेळा पेरलंय मी. पावणेतीन किलोत होतंय. साडेचौतीस गुंठे असतं तर साडेतीन किलो लागलं नसतं का?"

मी मनात हिशोब केला. साडेसत्तावीस भागिले चाळीस गुणिले चार. पावणेतीन. बरोबर पावणेतीन किलो.

"मग काल बोलला का नाही तुम्ही?"

ते म्हणाले, "तू इंजिनियर. कॉम्प्युटरवर काढलंस. मी काय बोलू त्याच्यापुढं?"

मंडळी, गणिताची चूक दुरुस्त होते. ती झाली. त्या दिवशीच संध्याकाळी आण्णांसमोर नवीन आकडा ठरला, आणि पुढेमागे कागदोपत्री वाटणी करायची वेळ आली तर सरकारी मोजणीच आणायची, हेही ठरलं. पण तात्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या माणसाला त्या तुकड्याचा बियाण्यापर्यंतचा हिशोब माहीत होता, तो गप्प बसला. आणि ज्याने बांधाला उंची म्हटलं, त्याचा आकडा सगळ्यांनी मान्य केला. भाची मात्र गप्प बसली नाही. तिला मी इंजिनियर आहे याचं काही पडलेलं नव्हतं. तिने फक्त गुण्या ठेवून बघितला.

तेव्हा घरी मुलं अभ्यासाला बसली की एवढं करा. त्रिकोण दाखवून 'उंची कुठली?' असं विचारू नका. आधी विचारा, पाया कुठला घेतलास? मग समोरचा कोपरा कुठला? मग गुण्या पायाच्या रेषेवर ठेव आणि कोपरा लागेपर्यंत सरकव. रेषा कमी पडली तर वाढव. वही फिरवून परत तेच विचारा, दुसऱ्या पायाची उंची, तिसऱ्या पायाची. तिन्ही वेळा क्षेत्रफळ तेवढंच आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी बाजूलाच उंची म्हटलंय.

आणि घरात कुणी शिकलेला माणूस लॅपटॉपवर आकडा काढून देत असेल, आणि तुम्हाला तो पटत नसेल, तर बोला. निदान एवढं तरी विचारा, 'ही उंची कुठल्या पायाची?'

पाडव्याला तात्यांनी त्या तुकड्यात नांगर घातला. आमच्याकडे घराजवळचे साडेसत्तावीस गुंठे आले. मोजताना टेपचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं भाचीने. काटकोन तात्यांनी स्वतः बघितला.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्याकडे असा एखादा तिरका बांध असेल तर मोजून बघा आणि काय निघालं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.